पायरीच्या कडेवर

नोव्हेंबरात आली देओलिंदा,
बाजारातून सरळ, मनगटावर अजून दोन खवले चिकटलेले.
उजवी टाच माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली,
"इंजेक्शन द्या. एप्रिलमध्ये बेचाळीस किलोमीटर आहेत."

मी अंगठा टेकवला
टाचेच्या हाडापासून चार बोटं वर.
कंडरा जाड झालेली,
पाणी पिऊन फुगलेल्या होडीच्या दोरासारखी.
चिमटीत धरली तशी तिने
धक्क्यावरची एक अस्सल शिवी हासडली
आणि माझ्या आईची माफी मागितली.

इंजेक्शन नाही माझ्याकडे, म्हटलं.
पायऱ्या आहेत.
या पोर्तोत दुसरं आहे काय?
खाली नदी, वर माणसं,
आणि मधे सगळा ग्रॅनाइट.

तर, चवडा पायरीच्या कडेवर, टाच हवेत.
वर जायचं चांगल्या पायाने,
खाली यायचं दुखऱ्या पायाने,
सावकाश, चार मोजत,
टाच पायरीच्याही खाली जाईपर्यंत.
पंधरा वेळा. तीनदा गुडघा ताठ, तीनदा वाकवून.
सकाळी. पुन्हा रात्री.

"दुखलं तर?"
दुखेल.
"मग थांबायचं?"
नाही. दुसऱ्या दिवशी उठल्यावर
पहिल्या दहा पावलांत किती दुखतं,
दहापैकी, तेवढं मला कळव.

तेव्हापासून पहाटे पाचला माझा फोन उजळायचा.
ना नमस्कार, ना नाव.
सहा.
सहा.
पाच.
बायको विचारायची, कोण ही?
मी म्हणायचो, टाच.

समोरच्या खिडकीतली उंबेलिना,
ऐंशीच्या पुढची, झोप उडालेली,
शाल गुंडाळून मोठ्याने मोजायला लागली.
तेरा! चौदा! चौदा! चौदा!
"म्हातारी पंधरावर येतच नाही,"
देओलिंदा तक्रार करायची,
पण खिडकी बंद असेल त्या दिवशी
तिचा आकडा उशिरा यायचा.

पाचचे चार झाले. पाठीवर पिशवी आली,
पिशवीत जाडं मीठ, आधी पाच किलो, मग आठ.
जानेवारीत एका सकाळी
आठ.
त्यानंतर चार दिवस काहीच नाही.

पाचव्या दिवशी स्वतःच आली, जिना धरून.
"नदीकाठी धुकं होतं," म्हणाली.
"एवढं दाट, की मलाच मी दिसत नव्हते.
वाटलं, हे काही पळण्यात धरायचं नाही."
मी टॉवेलची घडी केली. उलगडली. पुन्हा केली.
चोवीस वर्षं हे काम करतोय.
धुक्याचं ऐकून न पळालेला माणूस
माझ्या टेबलावर अजून आलेला नाही.
मिठाची पिशवी रिकामी करून आणायला सांगितली.
पुन्हा पहिल्यापासून.

दुखणं येताना हत्तीचं असतं म्हणतात,
जाताना मुंगीचं.
ही मुंगी मला पाठ आहे.
ती मधेच थांबते, मागे वळते,
साखर नसलेल्या जागी साखर शोधते.

एप्रिल आला.
त्या रविवारी हजारो पाय पुलावरून गेले.
देओलिंदाच्या काकाने तिला विचारलं, बघायला येतेस?
ती म्हणाली, भांडी घासायचीत.
पहाटेचा आकडा होता दोन.

मे महिन्यात, समुद्राकडच्या सपाट रस्त्यावर,
मी हातात घड्याळ धरून उभा राहिलो.
एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. सहा वेळा.
पहिलं मिनिट संपल्यावर मी ओरडलो, थांब!
आणि ती खरंच थांबली.
कमरेवर हात, तोंड लाल.
"एवढंच?" म्हणाली. मग जरा वेळाने,
"केवढं मोठं असतं हो."

दुसऱ्या दिवशी पाचला: दोन.
त्याच्या पुढच्या दिवशी: दोन.
आणि खाली, पहिल्यांदाच, शब्द:
उंबेलिना विचारते, तुमचा डावा गुडघा कसाय?
जिना उतरताना आवाज करतो, खिडकीपर्यंत ऐकू येतो.

व्यायाम कागदावर लिहून ठेवलेत मी.
फ्रीजवर लावलेत.
कधी तरी करीन.