उलट उतरताना

रात्री साडेदहानंतर जिना माझा असतो.
या महिन्यात पंप बंद करायची पाळी आमची.
कठडा दोन्ही हातांनी धरून मी उलटी उतरते,
बोटीवरचे खलाशी शिडी उतरतात तशी.
त्रेपन्न पायऱ्या. चरईतली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही.
चढताना गुडघा कुरकुरतो,
उतरताना शिव्या देतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या निहारने एकदा पकडलंच :
काकू, तुम्ही रिव्हर्समध्ये का?
म्हटलं, कुलूप नीट लागलंय का बघतेय.
त्याने वर पाहिलं.
आमचं दार तिथून दिसत नाही.

नौपाड्यातले डॉक्टर म्हणाले, थांबा.
चौरेचाळीस म्हणजे वय आहे का हे?
नवा सांधा पंधरा वर्षं टिकेल, वीस म्हणू,
मग साठीला पुन्हा उघडायचा,
आणि दुसऱ्या खेपेला हाड तेवढं उदार नसतं.
घोडबंदरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
म्हातारपणी चालता यावं म्हणून
आत्ता बसून राहणार?
एक्स-रे एकच होता.

वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं.
चौरेचाळीस अधिक वीस.
बिल्डिंग पाडणार, लिफ्ट येणार चार वर्षांनी,
म्हणजे सहा.
लेकीची बारावी. शाळेतली शिल्लक रजा.
इन्शुरन्सवाला विचारतो, आजार आधीपासूनचा आहे का?
आहे ना.
पण कधीपासूनचा ते कुठल्या रकान्यात लिहू?

शहाण्णवपासूनचा असावा.
कोपरीचं मैदान, अंतिम सामना,
खांबाजवळ सूर मारला, तिच्या टाचेला बोट लागलं,
शिट्टी वाजली, आणि आत काहीतरी
जुनं धोतर फाडावं तसं टरकलं.
दळवीसरांनी गोळेवाल्याकडून बर्फ आणला,
त्याला काळ्याखट्ट्याचा डाग होता.
दुसऱ्या डावात मी पुन्हा उतरले.
कुणी अडवलं नाही. मीही नाही.
ढाल शोकेसमध्ये आहे, तिचं एक पाखरू पडलंय.

सासूबाईंचे दोन्ही बसवून झाले, बहात्तराव्या वर्षी.
आता त्या मासुंद्याला दोन फेऱ्या मारतात
आणि गडकरी रंगायतनपाशी थांबून मागे बघतात,
आलीस का गं?
त्यांच्या आवाजात चिडवणं नसतं,
असतं तर बरं झालं असतं.
श्रीरंग म्हणतो, तू ठरव.
प्रेमाने म्हणतो. म्हणूनच त्याचा राग येतो.

शाळेत मी आता खुर्चीवरून शिकवते.
चौकात बसा गं. टाच उचललेली, हात जमिनीला,
एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला.
पाठीमागून खो येईपर्यंत हलायचं नाही.
आधी उठलात की फाऊल.
सातवीतली कस्तुरी म्हात्रे म्हणाली,
बाई, पण खो दिलेला ऐकूच आला नाही तर?
आजूबाजूला एवढी बोंबाबोंब असते.
मी म्हटलं, पाठीला कळतं.
इतक्या वर्षांचं पाठ उत्तर.
मग पुढचा चौक दाखवायला उठले
तर दोन्ही हातांचा जोर खुर्चीच्या दांड्यांवर,
आणि मुली एकदम शांत,
कुणी हसलं नाही,
कस्तुरीने तर पुढे येऊन हात दिला.

कुठून कळतं पाठीला?
की कधी कुणी खो दिला होता
आणि मी ढालीकडे बघत बसले?

टाकी भरायला अजून वेळ आहे.
पंपाशेजारच्या बाकावर बसून
हॉस्पिटलच्या कार्डावर तारीख लिहिली,
सव्वीस मार्च, पेन्सिलने,
म्हणजे बदलता येईल.
वर टाकीतून पाणी ओसंडायला लागलं.
बटण बंद केलं. एकदम केवढी शांतता.

खोडरबर लेकीच्या कंपासपेटीत आहे,
त्रेपन्न पायऱ्या वर.