वीस नंबर

अंगठ्यात गळ रुतवून आला होता ट्यूडर बेडोज
मार्चमधल्या एका मंगळवारी, अपघात विभागात,
हात भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला,
आणि म्हणाला, सिस्टर, जरा सांभाळून,
नवा आहे तो.
म्हणजे गळ.

उलटा काटा असला की मागे ओढता येत नाही.
पुढेच ढकलावा लागतो, कातडी फोडून पुन्हा बाहेर,
मग टोक कापायचं,
मग उरलेला दांडा आल्या वाटेने.
मी ते करत होते तेव्हा तो छताकडे बघत
ब्रीमच्या ओठांविषयी बोलत राहिला,
कसे पुढे येतात, नळीसारखे, चिखल चाखत.

जाताना विचारलं, तुमच्या टाक्यांना नंबर असतात का?
म्हटलं, धाग्याला असतात.
शून्यं जितकी जास्त, धागा तितका बारीक.
परमुलखात गाववाला भेटावा तसा खुलला म्हातारा.
आमच्यातही तसंच, म्हणाला,
आकडा चढतो तसा गळ उतरतो.

मी कशी गळाला लागले, मलाच कळलं नाही.

एल्समियरला, कालव्यावरच्या पुलाशी,
विनिफ्रेड टटच्या दुकानात
गळांचे खण आहेत, होमिओपॅथीच्या कपाटासारखे.
मी म्हटलं, रोचसाठी काहीतरी द्या.
ती म्हणाली, मासा राहू दे.
टोचणार काय आहेस, ते सांग.

एका अळीला वीस. दोन असतील तर अठरा.
मक्याच्या दाण्याला चौदा, पावाच्या गोळ्याला दहा,
गांडुळाला आठ, तेही अख्खं असेल तर.
तार बारीक घे, अळी जगते.
पण कार्प आला तर ती तार
केसांच्या पिनेसारखी सरळ करून निघून जाईल,
तेव्हा माझ्याकडे भांडायला यायचं नाही.

आणि काटा नको.
क्लबाचा नियमच आहे, बिनकाट्याचे गळ.
ट्यूडर तो नियमासाठी पाळत नाही,
अंगठ्यासाठी पाळतो.
दोरी सैल पडली की मासा गेला,
मनगट सारखं जागं ठेवावं लागतं,
रात्रपाळीतल्यासारखं.

आता त्याचे हात थरथरतात.
भोक नसलेला, चपट्या डोक्याचा तो वीस नंबर
त्याच्या तळहातावर असतो
आणि त्याला दिसत नाही.
मी बांधते. सात वेढे,
मग थुंकी लावून आवळायचं.
आमच्या विभागात थुंकीला नोकरी जाईल,
सांगितलं तर हसला, खोकला येईपर्यंत.

पोरांना वाटतं, मोठा गळ, मोठा मासा, म्हणतो.
मोठ्या गळाला फक्त मोठी घाई लागते.
हे तो दर शनिवारी म्हणतो.
दर शनिवारी मी पहिल्यांदा ऐकते.

साडेदहाला फ्लोट बुडाला.
वीतभर रोच, डोळ्यात लाल कडं,
ओल्या हातात धरला तर गळ आपणच सुटला,
बोटही लावावं लागलं नाही.
ओठात एक टिंब राहिलं,
टाका न मागणारं.
पाण्यात सोडला. क्षणभर थांबला तिथेच,
मग नव्हता.

विचारलं मी, दुखत असेल का रे त्यांना?
चाळीस वर्षं हा प्रश्न जखमांजवळ बसून
मी रोज विचारते,
उत्तर देणारं तोंड समोर असतं म्हणून.

ट्यूडर अंगठ्याकडे बघत राहिला बराच वेळ.
पलीकडून एक लांबट बोट गेली, तिच्या छपरावर
कुत्रा, सायकल, आणि कोथिंबिरीची कुंडी.
लाटा विरेपर्यंत तो काही बोलला नाही.
तू ढकललास तेव्हा दुखलं होतं, म्हणाला शेवटी.
मला विचारलंस म्हणून सांगतोय.
त्यांना मी कधी विचारलं नाही.

डबा माझ्याकडे सरकवला.
पुढची अळी मी लावली,
बोथट बाजूने,
जेमतेम.