शिवण बघून

दुकानातली मुलगी म्हणाली, हे घ्या, याच वर्षीचं आहे,
तीनशे दहा प्रश्न, रंगीत चित्रं, उत्तरं शेवटी.
मी आधी पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं.
नुसता डिंक. टाका एकही नाही.
महिन्याभरात पानं सुटतील हो, मी म्हटलं,
आणि मला तर लागणार चार महिने.
ती हसली. तिला वाटलं, घासाघीस करतेय बाई.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या पँटी आखूड करतेय मी,
वस्तू उलटी करून बघायची खोड लागली आहे.

लिननं फोनवर काहीतरी घालून दिलंय.
उत्तर बरोबर आलं की हिरवं होतं, टिंग वाजतं,
चुकलं की थरथरतं, जाड कापडात सुई अडकावी तसं.
ट्राममध्ये बसल्या बसल्या होईल, आई.
होतंही.
पण संध्याकाळी फोन बाजूला ठेवून आठवायला गेले
तर सगळं अंगठ्याला येत होतं, मला नाही.

खालच्या मजल्यावरच्या झिशेबाई शाळेत इतिहास शिकवायच्या.
म्हणाल्या, माझ्या जुन्या वह्या आहेत, नेतेस का?
कुठल्या, मी विचारलं, आधीच्या की नंतरच्या?
त्या दारातच थांबल्या थोडा वेळ,
मग मला आलुबुखाराचा केक दिला,
वह्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी उतरले तेव्हा स्टेशनवर दुसरंच नाव होतं,
केम्निट्झ नव्हतं.
देशही दुसराच होता. पाच वर्षांचा करार माझा त्याच्याशी.
करार संपायच्या आत तोच संपला.
आता तो प्रश्न होऊन आलाय पुस्तकात:
भिंत कधी पडली? चार पर्याय.

साल मला पाठ करावं लागत नाही.
सकाळी कारखान्यात गेले तर अर्ध्या यंत्रांवर माणसंच नव्हती,
झाकणंसुद्धा काढलेली नव्हती.
आम्ही नऊजणी बसलो आणि कॉलरी शिवत राहिलो
कारण करारात भिंतीबद्दल
काहीच लिहिलेलं नव्हतं.
दुपारी मुकादम आला, यंत्रं मोजली, आम्हाला मोजलं, निघून गेला.
याला पर्याय अ, ब, क, ड नाहीत.
असते तर मला तोही एक गुण मिळाला असता.

शेवटी पुस्तक मिळालं शेजारच्या सलूनमध्ये.
हैथम गेल्या वर्षी पास झाला,
तेहतीसपैकी एकतीस, आरशावर चिकटवून ठेवलंय.
त्याची पुस्तिका खुर्चीखालच्या खणात होती,
पानापानांत कापलेले बारीक केस,
समासात पेन्सिलीनं उजवीकडून डावीकडे
काहीतरी लिहिलेलं, मला न कळणारं.
चुकीची उत्तरं खोडलेली, पण खोडरबर स्वस्तातलं,
त्यामुळे चूक अजून दिसते.
मला हेच हवं होतं. कुणीतरी इथे अडलं होतं,
नेमकं तिथेच, जिथे मी अडते:
कोण कोणाला निवडतं, आणि मग ते कोणाला निवडतात.

सतरा बरोबर आले की पुरे, तो म्हणाला.
म्हणजे सोळा चुकले तरी चालतात?
चालतात.
इतक्या वर्षांत या देशाबद्दल
एवढं बरं मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुस्तिकेच्या मधल्या दोन पिना गंजल्या होत्या.
मी त्या उपसल्या, जीन्सचा जाड दोरा ओवला,
तीन भोकं पाडून मधून शिवून काढलं.
आता ही माझ्यानंतरही कुणाला तरी पुरेल.

एका पानावर प्रश्नाला भलंमोठं वर्तुळ होतं
आणि शेजारी लांबलचक ओळ.
वाटलं, अवघड असणार, कायद्यातलं काहीतरी.
पुस्तिका घेऊन गेले. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा तसाच ठेवून
त्यानं डोळे बारीक केले, वाचलं.
"चहा संपला आहे," तो म्हणाला, "पुदिनाही आण."

रात्री त्या ओळीखाली मी माझ्या भाषेत लिहिलं:
काळा दोरा, दोन रिळं.
मग प्रश्न वाचला.