निरंक

प्रभाग सात, रेणुकानगर, घर क्रमांक एकशे चौदा अ.
पत्र्याची खोली, पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलेली.
मी विचारलं, मतदार किती?
पदम साउद म्हणाला, "एकबी नाही मॅडम. लिवा."
मी लिहिलं : निरंक.

सरकारी शब्द आहे.
शून्यापेक्षा जरा सभ्य.

सेलूत एकवीस वर्षं झाली त्याला.
गल्ली त्याला गुरखा म्हणते,
तो गुरखा नाही, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.
नळ येतो नवव्या दिवशी, कधी अकराव्या,
तोही रात्री अडीचला.
तेव्हा खांबावर त्याची काठी तीनदा वाजते,
"उठा, नळ आला!"
आणि घरोघरच्या मोटारी घुरघुरायला लागतात.
त्याच्या खोलीला तोटी नाही.
सगळ्यांचं भरून झालं की तो काबरांच्या अंगणातून
दोन घागरी नेतो. दर वेळी विचारून.

माझ्या यादीत कौसाबाई डख, वय एक्क्याण्णव,
जाऊन सहा वर्षं झाली, अजून हयात.
गजमलांची तिन्ही पोरं पुण्याला,
यादीत मात्र इथंच नांदतात.
मी त्याच्या पायरीवर बसले, दमून.
त्यानं आतून वही आणली,
महिन्याच्या तीस रुपयांची, दार सोडून दार.
अक्षरं माझ्याच लिपीतली,
फक्त ळ नाही कुठं.
मुळे तिथं मुले आहेत, नळ तिथं नल.
"हे गेले नांदेडला. ह्यांनी वरची खोली भाड्यानं दिली.
हे वारले, खांदा मीबी दिला."
तो बोलत गेला, मी लाल रेघ मारत गेले.
एक्केचाळीस नावं कमी झाली.
तहसीलदार म्हणाले, यादी शुद्ध ठेवायची तर काळेबाईंसारखी.

काबरा म्हणाले, मत म्हणजे काय दळणाचा डबा आहे का,
कुणीबी आणून रांगेत ठेवावा?
मी म्हटलं, दिल्लीचं नाही म्हणत मी,
नुसतं ह्या टाकीपुरतं.
ते हसले. टाकीपासूनच सुरू होतं बाई सगळं.
उद्या टेम्पो भरून माणसं आणतील, पत्रे ठोकतील,
मग कर तुझी यादी शुद्ध.
टेम्पो मीही पाहिलेत.
पाचवीला 'आपण नागरिक' शिकवते मी, अठरा वर्षं.
तरी त्या दिवशी पाणी पिऊन घरी आले.

त्यालाच विचारलं मग, तिकडं आहे का नाव?
"हाय ना. बझांगला. दोन दिवस गाडी, पुढं दिवसभर पायी.
एकदाबी नाही टाकलं."
आणि इथं दिलं तर कुणाला टाकशील?
त्यानं टाकीकडं पाहिलं, बराच वेळ.
"व्हॉल्व्हवाल्याला."
तो कुठं उभा आहे?
"मग ऱ्हाऊ द्या."

मतदानाच्या आदल्या रात्री नळ पाचव्याच दिवशी आला.
काठी वाजली, पण एकदाच,
जणू त्याचाही विश्वास बसला नसावा.

सकाळी मी शाळेच्या फाटकापाशी, टेबलावर यादी.
तो झोपायला निघालेला, थांबला.
रांगेवरून नजर फिरवली, दारांवरून फिरवतो तशी.
"रोडगे आजी ऱ्हायल्या. पायऱ्या उतरता येत न्हाईत त्यांना. आणू?"
खुर्चीसकट आणलं त्यांना,
एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला आजींचा नातू.
फाटकापाशी खुर्ची टेकवली,
आत दुसऱ्यानं धरली.
तो बाहेर चप्पल झटकत उभा राहिला.
आजी शाईचं बोट उंच धरून परत आल्या,
म्हणाल्या, तुझं झालं का रे?
तो म्हणाला, हाव, झालं.

संध्याकाळी अहवाल दिला.
मतदान शांततेत. तक्रार : निरंक.

एक तारखेला तो दारात आला.
मी तीस रुपये दिले, त्यानं वही उघडली,
बोट माझ्या ओळीवर टेकवलं
आणि खूण केली.
'काले बाई', लिहिलंय त्यात.
ळ नाही, पण मी आहे.