तुझा कोट राहिला

वेल्समधल्या आमच्या दरीत माणसं फार, नावं थोडी.
ईवोर प्रोसरच तीन होते,
म्हणून नुसतं ईवोर कुणी म्हणत नसे.
एक ईवोर दूधवाला, एक ईवोर टपाल,
आणि तिसरा, परवा गेलेला, ईवोर डबलपाळी.
पोलादाच्या कारखान्यात एका पाळीवर
त्याचं म्हणे कधी भागलंच नाही.

माझं काम पडद्यामागे. बटण दाबायचं.
वीस मिनिटांत एक माणूस,
आत येताना एक गाणं, जाताना एक.
फॉर्म घरचे भरतात.
हा मात्र त्यानंच भरून ठेवलेला,
पेन्सिलीनं, ठसठशीत, भट्टीवर धोक्याची पाटी लिहावी तसा:
जाताना – तुझा कोट राहिला.
गायकाच्या रकान्यात काही नाही.
साधी रेघसुद्धा नाही.

शोधलं, तर चार निघाली.

पहिल्यात एक बाई पियानोपाशी बसून जवळजवळ बोलतेच.
खुंटीवर कोट, बाहीत अजून कोपराचा बाक,
आणि ती तो धुवायला टाकत नाही.
दुसऱ्यात तीन भाऊ, एक बँजो, शाळेच्या फाटकाशी धापा टाकणारी आई.
कोट चिमुकला, हिवाळा मोठा.
तिसरं कुणी ऐकू नये. मी ऐकलं.
त्यात कोट फक्त नावापुरता आहे.
चौथं डिस्को. ट्रम्पेट, टाळ्या, चकचकीत शर्टांचा जमाना.
तिथे कोट मुद्दाम विसरलेला असतो,
परत यायला निमित्त हवं म्हणून.

आमच्याकडची रीत म्हणून कागदावर लिहून ठेवलं:
कोट पियानो. कोट बँजो. कोट नुसताच. कोट ट्रम्पेट.

मुलगी मेरेरिड म्हणाली, पियानो. यात विचारायचं काय?
आई गेल्यावर तिचा कोट त्यांनी सहा वर्षं हलवू दिला नाही.
भाऊ गेथिन म्हणाला, बँजो.
आमची आई ह्याचा कोट घेऊन
अख्खा चढ पळत आली होती एकदा, सपाता घालून, बर्फात.
मग दोघंही माझ्याकडे बघू लागली,
जणू मेलेल्याला विचारायची खिडकी
माझ्याच टेबलावर उघडते.
शेवटी पियानो ठरला. लेकीचा हक्क.

मी पियानोच लावला, शपथेवर सांगतो.
पण पडद्यावर चार ओळी एकाखाली एक,
अक्षर न् अक्षर तेच,
आणि माझं बोट चष्म्याशिवायचं.
शवपेटी सरकू लागली
आणि ट्रम्पेट घुमलं.

मेरेरिडची मान वळली. पाद्र्यानं पुस्तक मिटलं, परत उघडलं.
थांबवायला हात नेला,
तेवढ्यात शेवटच्या बाकावर ती दिसली.
सत्तरीची, मोहरीच्या रंगाची टोपी,
ना नात्यातली, ना गल्लीतली.
तोंडावर हात दाबलेला, खांदे हलताहेत.
रडतेय, वाटलं.
हसत होती.
आणि खाली तिचा डावा बूट
टाळीच्या केसभर आधी पडत होता, दर वेळी.
ऐकून ऐकून तसं जमत नाही.
त्यासाठी त्या गाण्यावर
कुणाबरोबर तरी रात्रभर नाचावं लागतं.

मी हात मागे घेतला.
गाणं पुरतं वाजू दिलं, शेवटच्या टाळीपर्यंत.

नंतर दाराशी माफी मागितली.
मेरेरिड हातमोजे घालत राहिली, एकेक बोट नीट.
गेथिन म्हणाला, "डबलपाळी,"
आणि मग बराच वेळ
गाड्यांकडे बघत काहीच म्हणाला नाही.

चहाच्या आधीच ती बाई निघून गेली होती.
मी शेवटचा बाक मुद्दाम पाहून आलो.
खाली वाकूनसुद्धा पाहिलं.
काही राहिलं नव्हतं.

पावणेतीनला पुढचा माणूस.
त्याच्या फॉर्मवर गाणं होतं, गायक होता,
साल होतं, कंपनीचं नावही होतं.
मला त्याच्यासाठी
उगाचच वाईट वाटलं.