चवीपुरतं

पाककृतीत लिहितात ना, मीठ चवीपुरतं,
त्या एका शब्दामागे डॉक्टर मित्सुए ओनोदेरांचे
एकतीस हिवाळे गेले.
मी त्यांचा ड्रायव्हर, मग मदतनीस,
मग शोधनिबंधाच्या तळटीपेत
आभारापुरता.

अकिताच्या डोंगरात कामिसावा नावाचं गाव.
तिथे पन्नाशीतली माणसं उभ्याउभ्या कोसळायची,
छपरावरचा बर्फ उपसताना,
गरम न्हाणीतून थंड ओसरीवर पाय टाकताना.
गाव म्हणायचं, लागलं त्याला.
जणू कुणी लांबून नेम धरून दगड मारलाय.
डॉक्टर लिहायच्या: डावी बाजू, वय बावन्न.
मग विचारायच्या, काल काय जेवले होते?
एक बायको चिडली. म्हणाली, रोज जेवतात तेच.
"तेच सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

तेच म्हणजे सकाळी मिसोचं सूप, दुपारी सूप, रात्री सूप,
भाताचा ढीग, आणि तो ढीग उपसायला
धुरावर टांगून कोंड्यामिठात मुरवलेला मुळा.
चहाबरोबरही मुळाच.
पाच महिने बर्फ; तोवर मिठात टिकेल तीच भाजी.

जीभ खोटं बोलते, त्या म्हणायच्या, वही त्याहून जास्त.
लघवी बोलत नाही, फक्त मोजता येते.
म्हणून बाटल्या. तपकिरी, दोन लिटरच्या,
माणशी एक दिवस, एक रात्र, थेंबही न सांडता.
पुरुष त्या कापडात गुंडाळून शेतावर न्यायचे.
शोसाकुची कमी भरली, तर त्या पठ्ठ्याने
बायकोची अर्धी आपल्यात ओतली.
मी हसलो. डॉक्टर हसल्या नाहीत.
दुसरी रिकामी बाटली त्यांनी त्याला
दोन्ही हातांनी दिली.

सरासरी निघाली: दिवसाला सत्तावीस ग्रॅम.
तोक्योचे प्राध्यापक म्हणाले, दशांश चिन्ह चुकलंय.
सहाशे बाटल्या पुन्हा मोजल्या.
चुकलं नव्हतं.
शरीर खाल्ल्या मिठाला जागतं,
नसांवर लिहून ठेवतं एकेक वाटी,
आणि एका पहाटे सगळं एकदम वाचून दाखवतं.

ओळ क्रमांक दोनशे चौदा: हात्सुए, वय सत्तेचाळीस.
तिच्या बाटलीच्या दिवशीच तिच्या नवऱ्याला लागलं.
दुसऱ्या सकाळी आठ वाजता ती पुलावर उभी,
बाटली घेऊन. कबूल केलं होतं, म्हणाली.
आकडा आला दोन पूर्णांक एक.
हा काढा, संख्याशास्त्रज्ञाने कळवलं, हा बसत नाही.
"बाईंनी काल काही खाल्लं नव्हतं," डॉक्टरांनी उलट लिहिलं,
"हे मोजमाप बरोबर आहे."
ती ओळ अजून तक्त्यात आहे.

पुढे दिवसाला एकच वाटी सूप, तेही पातळ.
म्हाताऱ्यांनी डॉक्टरांचं नाव ठेवलं अळणीबाई.
त्या दिसल्या की पोरं मुळा पाठीमागे लपवायची.

आणि माणसं कोसळायची थांबली. सगळी नाही. निम्मी, मग निम्म्याची निम्मी.
पण तोवर फ्रीज आले होते, हिवाळ्यात ट्रकमधून कोबी,
न्हाणीत हीटर, रक्तदाबाच्या गोळ्या,
आणि पोरं शहरात गेली होती.
सत्काराला कुणीतरी विचारलं, म्हणजे मीठच ना?
सभागृह थांबलं.
"बहुतेक," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.
टाळ्या जरा उशिराने वाजल्या.

आता त्या एक्क्याण्णव. वृद्धाश्रमाच्या भिंतीवर
त्यांनीच आखलेला तक्ता; पोरसवदा नर्सला ते माहीत नाही.
मापून आलेल्या सुपाचा घोट घेतात,
तोंड वाकडं करतात.
"अळणी."

मी खिशातून कागदाची पुडी काढतो.
हात्सुएच्या सुनेने दिलेले दोन काप, धुराचा वास.
त्या दाराकडे बघतात, मग माझ्याकडे.
"वजन केलंस?"
"केलं. अकरा ग्रॅम."
"लिहून ठेव," म्हणतात,
आणि एक उचलतात.