वाटी क्रमांक तीन

पिशवीत चार वाट्या, स्टीलच्या, चढत्या मापाच्या,
बुडाला तांबड्या रंगानं आकडे घातलेले.
एक पुठ्ठा, त्यावर भाकरीची तीन वर्तुळं.
आणि चौदा कोरे अर्ज.
मानवतला उतरले तेव्हा जिनिंगचा भोंगा होऊन गेला होता,
गल्लीभर कापसाचं तंतूतंतू काहीतरी उडत होतं,
माझ्या भुवयांवरही बसलं.

काल सकाळपासून आज सकाळपर्यंत
काय काय खाल्लं? आठवून सांगा.
एवढाच प्रश्न.
पण माणसं उत्तराआधी दाराकडे बघतात,
कुणी ऐकत तर नाही ना.

मुंजाजी कदमांना साखर आहे.
दोन भाकरी, म्हणाले, मेथी, बिनसाखरेचा चहा.
मीच डॉक्टर असल्यासारखे ताठ बसून बोलले.
सदऱ्याचा खिसा फुगलेला,
शिवणीला चिकट, गुळाच्या रंगाचा डाग,
मिशीत शेंगदाण्याचं एक फोलपट.
मी मेथी लिहिली.

धुरपताबाईंनी सगळ्या घराचं सांगितलं.
थोरल्याला रेशनचा तांदूळ सोसत नाही,
नातू नुसत्या कुरकुऱ्यावर जगतो,
उडदाचं घुटं काल झालं की परवा, यावर सुनेशी वाद.
आणि तुम्ही?
"मी? खाल्लं की."
किती?
पुठ्ठ्यावरची वर्तुळं त्यांनी उन्हात धरून पाहिली.
"ही कुणाची भाकर हाय बाई, येवढी गोल?
आमची न्हाई होत आशी."

अन्वरीबी स्टँडवर उकडलेली अंडी विकतात.
अंडं? रोज एक.
आज पहिल्यांदाच त्या रकान्यात माझा पेन टेकला.
"विकायचं कसं खाईन? फुटलेलं खाते.
रोज एखादं फुटतंच."
आणि एखाद्या दिवशी नाही फुटलं तर?
त्यांनी पदराचं टोक दातात धरलं.
"तर फोडते."

परभणीला हे सगळं यंत्रात जाईल
आणि बाहेर येईल एक सरासरी प्रौढ व्यक्ती:
पावणेदोन भाकरी,
अंड्याचा सातवा हिस्सा, केळाची एक चकती,
लोह कमी, तेल बरं, चहा साडेचार कप.
कुठल्याच उंबऱ्यात मी तिला पाहिलेलं नाही.
भेटली तर आधी विचारीन, जेवलीस का.

मला कुणी विचारलं नव्हतं.
धुरपताबाईंनी विचारलं, "तुमी काय खाल्लं सकाळधरनं?"
चहा. खारी. चहा.
स्टँडवर एक वडा, मिरची टाकून दिली.
पुन्हा चहा, तुमच्याच घरचा.
त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून आत गेली.

निघताना वाट्या मागितल्या.
तीन रिकाम्या आल्या, एक भरून,
येसराची आमटी, वर लाल तवंग.
अहो, ही मापाची आहे, नुसती दाखवायची.
"आसंल. पर भांडं रिकामं कसं द्यावं?"

कोल्हा पाटीजवळ गाडीला गचका बसला.
नऊ ते अकरा क्रमांकाचे अर्ज भिजले,
मुंजाजींची मेथी पिवळी झाली.
पुढच्या सीटवरचे फेटेवाले मागं वळले,
"येसर हाय काय?"
हो म्हणाले, आणि वाटी तोंडाला लावली.
सांडून उरलेलं सगळं प्यायले.
अर्धी असेल. क्रमांक तीन.